उघड्या मैदानावर चित्रांचा स्टॉल: वारा, ऊन आणि "ह्याचा अर्थ काय?"

पांझराकाठ

राम राम मंडळी. येत्या मोसमात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, खान्देशातच तीन-चार ठिकाणी उघड्यावर चित्रांचा स्टॉल लावायचा आहे. दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा, जळगावला सागर पार्कच्या मैदानावरचा एखादा महोत्सव, आणि मार्चमध्ये धुळ्यात तीन दिवसांचं एक प्रदर्शन. चित्रं आजवर हॉलमध्येच लागली आहेत, मैदानाचं गणित अजिबात माहीत नाही.

माल असा: कॅनव्हासवर ॲक्रिलिक १४, काचेच्या फ्रेममध्ये जलरंग ८, आणि पोस्टकार्डाएवढी छोटी कामं. सगळ्यात मोठं चित्र ३×४ फूट. जागा १०×१० फूट मिळते, वर घडीची कॅनोपी (चार पायांचं छत) घ्यायची आहे. टांगायचं कशावर, वाऱ्यात हे सगळं उभं कसं राहणार, रंगांना उन्हाचा त्रास किती, हे सांगा.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. विषय इथलाच निसर्ग आहे: पळस, सुगरणीचा खोपा, रानपिंगळा (छोटं घुबड), कपाशीचं फूल, केळ, उन्हाळ्यातली भेगाळलेली काळी जमीन. ह्यातून प्रतीकं उभी करायची आहेत. पण पळस म्हटला की आग, खोपा म्हटला की संसार, घुबड म्हटलं की अपशकुन, असं सगळं आधीच ठरलेलं असतं आणि चित्र कॅलेंडरच्या वाटेला लागतं. शिवाय स्टॉलवर येणारा प्रत्येक माणूस विचारणार, "ह्याचा अर्थ काय?" तिथे काय सांगायचं?

लोखंडी_खुंटी

आधी वाऱ्याचं बघू. बाकी काही चुकलं तर विक्री जाते, हे चुकलं तर चित्रं जातात आणि शेजारच्या स्टॉलवाल्याचं डोकंही.

तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पडलेलं आहे, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर. मधल्या पट्ट्यात वाऱ्याला आडकाठी नाही. डिसेंबर-जानेवारीत तो बराच शांत असतो, फेब्रुवारीच्या अखेरीपासून दुपारच्या वावटळी सुरू होतात. वावटळ सांगून येत नाही आणि ती कॅनोपीला खालून उचलते, बाजूने ढकलत नाही. म्हणून "आज वारा नाही" म्हणून वजनं गाडीत ठेवणं हा पहिला गाढवपणा.

हिशेब असा. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याचा सपाट पडद्यावर दर चौरस मीटरला साधारण पावणेआठ किलोचा दाब येतो. तुमची मागची भिंत ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच धरली तर ६ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ४६ किलोचा रेटा. वेग ५० झाला की तोच ७० च्या वर जातो, कारण वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. जमिनीवर पाय घसरू नयेत म्हणून ह्या रेट्याच्या दुप्पट तरी वजन खाली हवं. म्हणून चार पायांना मिळून ८० ते १०० किलो, म्हणजे पायाला २० ते २५. बाजारात कॅनोपीबरोबर वाळूच्या ज्या पिशव्या देतात त्या भरून पाच-सात किलोच्या होतात, त्या शोभेच्या.

स्वस्त वजन: ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, मीटरभर लांब, एका टोकाला टोपण, आत काँक्रीट, वर रुतवलेला एक यू-हुक. असा एक पाइप भरून सुमारे २० किलोचा होतो आणि पायाला लागून उभा राहतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येत नाही. शेतीच्या पाइपांचे तुकडे आपल्याकडे कुठल्याही गावात मिळतात, नवीन घेऊ नका.

बांधायचं कुठे, इथे बहुतेक जण चुकतात. वजन पायाच्या तळपट्टीलाच बांधलं तर वारा वरून चौकट पिळतो आणि कात्रीसारख्या पट्ट्या वाकतात. वजनाचा दोर किंवा रॅचेट पट्टा (कळ दाबून आवळायचा) वरच्या कोपऱ्यातून, जिथे छताच्या पट्ट्या पायाला मिळतात तिथून, सरळ खाली आणा आणि ताणून बांधा. मग खाली पायालाही एक फेरा. नायलॉनची दोरी उन्हात आणि ताणाखाली सैल पडते, दिवसातून दोनदा हात लावून बघा.

खुंट्यांवर विसंबू नका. काळी माती सुकली की भेगा पडतात, खुंटी नेमकी भेगेजवळ गेली तर हाताने निघते. ओली असली तर लोण्यात सुरी मारल्यासारखं. आणि पालिकेच्या मैदानावर पेव्हर ब्लॉक असले की प्रश्नच मिटला.

मागची भिंत पूर्ण बंद करू नका. फ्लेक्स हा सगळ्यात वाईट पर्याय, ते सरळ शीड आहे. त्याला चार भोकं पाडून काही होत नाही. शेडनेट लावा, खालून फूटभर मोकळं सोडा. पण हिरवी शेडनेट नको. तिच्यातून आलेला उजेड चित्रांवर हिरवा पडतो आणि पळसाचा शेंदरी मातकट दिसतो. पांढरी किंवा काळी घ्या. छताचंही तेच. लाल-निळ्या पट्ट्यांचा मंडपाचा कपडा वर असेल तर खाली कुठलाच रंग खरा दिसत नाही. छत पांढरंच.

टांगायला एक इंची चौकोनी पाइपाच्या चौकटीत २×२ इंची वेल्डमेश (लोखंडी जाळी), ६×३ फुटांची पॅनलं. एका भिंतीला तीन, अशा दोन किंवा तीन भिंती. पॅनलं एकमेकांना काटकोनात बांधली की स्वतःच्या पायावर उभी राहतात, सरळ रेषेत लावली की पडतात. चित्राला दोन एस-हुक, एक कधीच नको, आणि खालच्या कडेला एक केबल टाय. तो टाय नसेल तर वाऱ्यात कॅनव्हास जाळीवर आपटत राहतो आणि संध्याकाळपर्यंत मागून ठिपक्यांची नक्षी उठते.

लहान झाडांचे शेंडे सतत डोलू लागले की वारा तिशीच्या पुढे गेला समजा, मोठ्या फांद्या हलू लागल्या की चाळिशी. चाळिशीला चित्रं खाली, छत अर्ध्यावर, गिऱ्हाईक असलं तरी. अवकाळीचे ढग दिसले तर त्याच्याही आधी.

शेंदरी_डबा

वरच्या भाऊंनी वाऱ्याचं सांगितलं, आता उन्हाचं.

स्टॉलचं तोंड कुठे, हे जागा वाटताना भांडून घ्या. तोंड उत्तरेला मिळालं तर दिवसभर सारखा उजेड, आत ऊन नाही. दक्षिणेला मिळालं तर डिसेंबरात पंचाईत, कारण आपल्या अक्षांशावर तेव्हा भर दुपारीही सूर्य ४५ अंशांवरच असतो. म्हणजे छताची कड सात फुटांवर असेल तर ऊन सात फूट आत येतं, जवळजवळ मागच्या भिंतीपर्यंत. सारंगखेड्याला हे हमखास होणार. पश्चिमेचं तोंड सगळ्यात वाईट. गर्दी संध्याकाळी, आणि तेव्हाच काचेवर सूर्य. पुढे तीन फुटांची झालर वाढवली तर निम्मा त्रास कमी होतो.

जलरंगाच्या फ्रेमला काच की ॲक्रिलिक शीट? ३ मिमी काच चौरस मीटरला साडेसात किलो, तेवढीच ॲक्रिलिक शीट साडेतीन किलोच्या आसपास. टेम्पोच्या प्रवासाला आणि वाऱ्याला शीट बरी. पण ती घासली की स्थिर वीज धरते आणि काळ्या मातीची धूळ चुंबकासारखी ओढते. कोरड्या कपड्याने पुसली तर ओरखडे. किंचित ओलसर सुती कापड, एकाच दिशेने, न दाबता. कॅनव्हासवरची धूळ मात्र ओल्या कपड्याने कधीच पुसू नका, तिचा चिखल होऊन विणीत बसतो. रुंद मऊ ब्रशने वरून खाली झटका. सकाळी स्टॉलपुढे झारीने पाणी शिंपडून वर तरट अंथरलं की धूळ बरीच बसते.

ॲक्रिलिकची खरी दुखणी उष्णतेची आहेत. रंगाचा थर सुकलेला दिसतो, तरी गरम झाला की मऊ पडतो. मार्चच्या उन्हात बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापमान जाऊ शकतं. दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले तर ते चिकटतात आणि सोडवताना एकाचा रंग दुसऱ्यावर जातो. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर बुडबुड्यांचे गोल उमटतात ते कायमचे. रंगाला लागून सिलिकॉनचा बटर पेपर, मग कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण म्हणजे दोन चित्रांत अंतर राहतं, मग वरून बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. जाड थर असेल तर व्हार्निशच्या आधी दोन आठवडे तरी जाऊ द्या. तैलरंग असता तर सहा महिने ते वर्ष म्हटलं असतं.

आता रंगांबद्दल, कारण विषय निसर्ग असला की लोकांना "नैसर्गिक रंग" वापरायचा मोह होतो. पळसाच्या फुलांचा पिवळा-केशरी, हळद, पालेभाजीचा हिरवा: कागदावर सुंदर, पण मैदानातल्या उजेडात लवकर उतरतात. हळद तर तीन दिवसांच्या प्रदर्शनातही फिकी पडलेली दिसते. गेरू, पिवळी माती, काजळी, खडू-चुना हे मात्र हलत नाहीत. जळगावहून अजिंठा काही लांब नाही, तिथली रंगपेटी बघा: तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती, चुना-जिप्समसारखे पांढरे, दिव्याची काजळी, आणि निळ्यासाठी लाजवर्द हा दगड. काजळी सोडली तर सगळे खनिज, म्हणून एवढी शतकं टिकले. ट्यूबमधल्या रंगांतही जुना अलिझरिन क्रिमझन उन्हाला कच्चा आहे. पळसाच्या सावलीत तो वापरला असेल तर क्विनाक्रिडोन ह्या पक्क्या लाल रंगावर या.

संध्याकाळच्या दिव्यांचं एकच सांगते. आयोजक जो पांढरा एलईडी देतात त्यात लाल-केशरी मेलेला दिसतो. स्वतःचे ४००० केल्विनचे, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वरचे चार दिवे न्या, चित्रापासून तीन फूट पुढे आणि वरून तिरके. पॉइंट बहुधा ५ अँपिअरचा एकच असतो, त्यावर शेजारचा चहावाला किटली लावत नाही ना ते बघा.

रानवाट

ताई-दादा सगळं बरोबर बोलले. मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: प्रतीक शोधायला जाऊ नका, वस्तू नीट बघा. कॅलेंडर होतं ते प्रतीक जुनं असल्यामुळे होत नाही, चित्रकाराने वस्तू पाहिलेलीच नसते म्हणून होतं. तुमच्या यादीतलंच एकेक घ्या.

पळस. दहातली आठ चित्रं हिरव्या पानांसकट फुलं दाखवतात. पळस फुलतो तेव्हा झाड जवळजवळ निष्पर्ण असतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये. फूल शेंदरी दिसतं ते मागच्या काळपट, मखमली देठ-वाटीमुळे. तो काळा काढून टाकला तर आग उरते पण पळस जातो. फुलाची वाकडी चोच बघून संस्कृतात त्याला किंशुक म्हणाले, "हा पोपट तर नव्हे?" आणि एवढा थाट असून वास नाही. रंग आहे, वास नाही, पान नाही, आणि म्हण मात्र पानांची: पळसाला पानं तीनच. ह्यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर चित्र उभं राहील. "आग" म्हणायची गरजच पडणार नाही.

खोपा. खान्देशात खोपा म्हटलं की बहिणाबाई आठवणारच, त्यांनी सुगरणीत पिलांसाठी राबणारी आई पाहिली. ती प्रतिमा इतकी पक्की आहे की तुम्ही तिच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. पण पक्ष्याचं वागणं बघा: विणतो तो नर. पावसाळ्यात डोक्यावर पिवळी टोपी घातलेला. अर्धा खोपा शिरस्त्राणासारखा झाला की थांबतो, आतून ओल्या चिखलाचा लेप देतो, पंख फडफडवून बोलावतो. मादी येऊन बघते. पसंत पडला तर पुढे नळी विणून पूर्ण होतो, नाही तर तो अर्धा तसाच लटकत राहतो. बाभळीवर किंवा विहिरीवर झुकलेल्या फांदीवर पूर्ण खोप्यांच्या शेजारी असे अर्धे खोपे नेहमी दिसतात आणि चित्रात कोणी काढत नाही. नाकारलेलं घर! संसाराचं ह्याहून खरं चित्र कुठे मिळणार? रंगाची चूकही टाळा. ताजा खोपा हिरवा, महिन्याभरात गवती, हिवाळ्यात तपकिरी. पळस फुललेला आणि शेजारी हिरवा खोपा असं एकत्र काढलं तर रानातला माणूस हसेल.

रानपिंगळा. ह्याच्यात गोष्ट आयतीच आहे. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता, मधे १९१४ सालचा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता तो चोरीचा, चिठ्ठी बदललेला निघाला. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. ११३ वर्षांनी. म्हणजे आपल्याच खान्देशात, आपल्याच सागाच्या रानात तो होता, जग त्याला संपलेला समजत होतं. पण चित्रात बहुतेक जण साधा पिंगळा काढून खाली "रानपिंगळा" लिहितात. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, खालचं पोट पांढरं, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, चोच दणकट. आणि तो दिवसा शिकार करतो. त्याला पौर्णिमेच्या चंद्रापुढे बसवणं म्हणजे त्याचं सगळं वेगळेपण पुसणं. त्याला दुपारच्या उन्हात बसवा, पानगळ झालेल्या सागावर. "घुबड म्हणजे रात्र, रात्र म्हणजे अपशकुन" ही साखळी तिथेच तुटते.

कपाशी. आपल्याकडे जी संकरित कपाशी आहे तिचं फूल पहिल्या दिवशी सकाळी दुधी-पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग गळून जातं. एकाच झाडावर त्यामुळे दोन रंगांची फुलं शेजारी दिसतात आणि लोकांना वाटतं दोन वाणं मिसळली. काल आणि आज एका फांदीवर. बोंडाचा पांढरा सगळेच काढतात, तो बाजाराचा रंग आहे.

केळ. एक खोड, एक घड, मग ते खोड कापायचं, बुंध्याशी पील, म्हणजे नवा कोंब, तयार असतंच. हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून त्यावर थांबत नाही. पानाकडे बघा. रावेर-यावलच्या बागांत वाऱ्याने पान शिरांच्या रेषेत फाटतं, झालरीसारखं होतं, आणि फाटल्यामुळेच त्याच्यावरचा वाऱ्याचा जोर कमी होतो. खुंटी-भाऊ वर फ्लेक्सबद्दल जे सांगतात तेच. म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावतात, पान अखंड राहावं म्हणून. चित्रकार नेमकं अखंड, चकचकीत, सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेलं पान काढतात. फाटकं काढा.

भेगाळलेली जमीन हा तर दुष्काळाचा शिक्का झालाय. काळ्या मातीला भेगा दरवर्षी पडतात, चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही, कारण तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसात खालची वर येते, जमीन स्वतःला नांगरते. तेव्हा भेग म्हणजे मरण असंच काही नाही. काढताना एवढं बघा: नुकत्या पडलेल्या भेगा एकमेकींना काटकोनात मिळतात, वर्षानुवर्षं उघडझाप झालेल्या तीन दिशांनी, १२० अंशांकडे झुकून. जाळं कोंबडीच्या जाळीसारखं एकसारखं काढलं की खोटं दिसतं.

एक इशारा. स्टॉल सजवायला घुबडाचं पीस, कासवाची पाठ असलं काही ठेवू नका, वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ लागतो. "सापडलं होतं" हे उत्तर चालत नाही. जुने खोपेही फांदीवरच राहू द्या, मुनियांसारखे बारके पक्षी त्यात राहतात. आणि वारली किंवा पिठोऱ्याची आकृती "आदिवासी टच" म्हणून मधेच घुसवू नका. वारली ठाणे-पालघरकडची, पिठोरा राठवा-भिलाल्यांचा आणि तो देवाचा विधी आहे, सजावट नाही. नंदुरबारच्या पावरा-भिल्ल माणसाला फरक लगेच कळतो.

"अर्थ काय?" ह्यावर चित्राखाली एकच ओळ लावा, पाहिलेल्या गोष्टीची. "मादीने न स्वीकारलेला खोपा." बस. अर्थ लावू नका.

बोलकी_पाटी

रानवाट भाऊंचं निरीक्षण लाखाचं, पण शेवटच्या ओळीशी मी सहमत नाही. यात्रेत पाटी वाचतं कोण? सारंगखेड्याला लोक घोडे बघायला येतात, तुमच्यासमोरून जाताना तीन-चार सेकंद देतात. त्या वेळात दिसतं ते फक्त दहा फुटांवरून ओळखू येणारं एक चित्र. म्हणून बाहेरच्या बाजूला एकच मोठं काम, तेही गडद-उजळ फरक जोरदार असलेलं. बाकीची आत. भिंत गच्च भरली की नजर कशावरच ठरत नाही. १०×१० च्या स्टॉलमध्ये तुमच्या २२ पैकी १२ ते १४ लावा, उरलेली पेटीत, विकलं की बदलायचं.

आणि अर्थ विचारला की गप्प बसणं हा आपल्याकडे शिष्टपणा समजतात. उलट प्रश्न टाका. "काकू, तुमच्या विहिरीवर खोपे असतात ना? सगळे पूर्ण असतात का हो?" पुढचं काकूच सांगतात, तेही तुमच्यापेक्षा चांगलं. धुळे-नंदुरबारला अहिराणीत बोललात तर माणूस दोन पावलं आत येतो. "काय शे हाई?" असं विचारणाऱ्याला शुद्ध पुस्तकी उत्तर दिलं की तो "बरं" म्हणतो आणि पुढे जातो. रावेर-यावलकडे बोली वेगळी, लेवा पाटीदारांची, तिथे उगाच अहिराणीचा आव आणू नका.

घुबडाचं चित्र विकत घेण्याबद्दल: दिवाणखान्यात घुबड लावायला घरातली वडीलधारी माणसं नाही म्हणतात, हे गृहीत धरा. रानपिंगळ्याचं मोठं चित्र कदाचित विकलं जाणार नाही, पण थांबवणारं तेच आहे. ते बाहेर लावा, आत त्याची छोटी कार्डं ठेवा. शाळेची मुलं आणि मास्तर कार्डं घेतात.

पाटी लावायचीच तर अक्षर बोटाच्या पेराएवढं, नाव, माध्यम, माप, किंमत. किंमत लिहाच. नसली की दहातले नऊ जण विचारतच नाहीत, त्यांना वाटतं आपल्या आवाक्याबाहेरचं. किमतीत सुसंगती हवी म्हणून चौरस इंचाचा दर ठरवा. १२×१६ म्हणजे १९२ चौरस इंच, दर उदाहरणादाखल १५ रुपये धरला तर २,८८०, वर फ्रेमचा खर्च वेगळा. एकाच मापाची दोन चित्रं वेगळ्या किमतीला दिसली की घासाघीस सुरू झालीच. पोस्टकार्डं मात्र सरसकट एका दरात, सुटे द्यायला सोपा आकडा.

यात्रेच्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, क्यूआर छापील, आणि सुट्या नोटांचा डबा. "पैसे गेले पण आले नाहीत" ही भानगड संध्याकाळी सात ते नऊमध्येच होते, तेव्हा चित्र हातात देण्याआधी स्वतःच्या फोनवर बघा, गिऱ्हाइकाच्या फोनवरचं हिरवं चिन्ह नव्हे.

रानवाट

मान्य, यात्रेत पाटी कोणी वाचत नाही. पण चित्र घरी गेल्यावर ती ओळ मागच्या बाजूला चिकटवलेली असेल तर राहते. पुढे नको, मागे लावा.

पांझराकाठ

फार उपयोग झाला. दोन शंका. एक, १०० किलो काँक्रीट टेम्पोतून नेणं महाग पडतंय, आठ नग चढवायला माणूसही नाही. दुसरी, अर्धा खोपा आणि पूर्ण खोपा एकाच चित्रात घ्यावा की दोन चित्रं शेजारी लावावीत?

लोखंडी_खुंटी

आठ कशाला, पायाला एक म्हणजे चारच नग. तेही नको असतील तर तेलाचे २० लिटरचे चौकोनी कॅन रिकामे न्या, तिथे पाणी भरा, एक कॅन २० किलो. गोल जार नको, तो लवंडतो. रात्रभर भरून ठेवून गळतो का ते घरीच बघा, नाही तर सकाळी वजन जमिनीत मुरलेलं असतं. मार्चच्या धुळ्याला पाण्याचा भरवसा नाही, तिथे युरियाच्या रिकाम्या गोण्या न्या. अर्ध्याला जरा कमी माती भरली की २०-२५ किलो होते. तोंड सुतळीने दुहेरी बांधा आणि गोणी पायाभोवती आडवी गुंडाळा. माती शेतातली किंवा आयोजकांना विचारून. नदीतली वाळू उचलायला जाऊ नका, महसूलवाले चित्र नाही बघणार.

रानवाट

खोप्याचं: एकाच चित्रात घ्या. वेगळी चित्रं केली की एक विकलं जातं आणि उरलेल्या अर्ध्या खोप्याला लोक "हे अपुरं राहिलं का?" विचारतात. पूर्ण खोपा मागे, फिकट, अर्धा पुढे आणि नजरेच्या उंचीवर. अर्ध्याच्या तोंडात आतली चिखलाची कड दाखवा, ती सुकून करडी झालेली असते. आणि दोन्ही खोपे झाडाच्या एकाच बाजूला लटकवा. सुगरणी बहुधा पूर्वेची बाजू धरतात, नैऋत्येच्या पावसाकडे झाडाची पाठ करून.